माडाच्या खोडावरची खाच: किशोर कादंबऱ्यांतल्या जखमा आणि प्रतीकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याजवळ आमच्या वाड्यावर, माझ्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओट्यावर, दर शनिवारी दुपारी आठ-दहा मुलं पुस्तकं घेऊन बसतात. वय तेरा ते अठरा. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे ती मला अजून टीचरच म्हणतात. गेली काही वर्षं आम्ही बहुतेक अशा कादंबऱ्या वाचतो, ज्यांत त्यांच्याच वयाच्या मुलामुलीवर काहीतरी भयंकर गुदरलेलं असतं आणि पुढचं जगणं कसं जमतं हे येतं. पालक फाटकाशी थांबून विचारतात, काही जण व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, दोन शिक्षिकांनी तर प्रश्नांची यादीच पाठवली. तेच तेच सांगण्यापेक्षा इथे एकदा लिहून ठेवते. दोन कादंबऱ्यांचे शेवट यात फुटले आहेत. ज्यांना आधी वाचायच्या असतील त्यांनी आधी वाचाव्यात.

यंग अडल्ट म्हणजे नक्की कुठलं पुस्तक?

साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकासाठी लिहिलेलं, आणि बहुधा सांगणाराही त्याच वयाचा असलेलं. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मोठा माणूस मागे वळून 'तेव्हा मी लहान होतो' म्हणतो, ती आठवण झाली. इथे मुलगी आत्ता, याच आठवड्यातलं सांगत असते आणि पुढे काय होणार हे तिलाही ठाऊक नसतं. मराठीत आपण कुमार किंवा किशोर साहित्य म्हणतो. पण 'किशोर' म्हटलं की घरच्यांना १९७१पासून निघणारं बालभारतीचं मासिक आठवतं, आणि आत कोडी-चित्रं असतील असं समजून ते निर्धास्त होतात.

इतक्या लहान वयात असली दुःखाची पुस्तकं कशाला?

दुःख मुलांना पुस्तकातून कळत नाही. ते त्यांना आधीच माहीत असतं. पुस्तकातून एवढंच कळतं की ते सांगता येतं.

मग सरळ का सांगत नाहीत? झाडं, पाणी, आरसे कशाला मध्ये आणायचे?

कारण ज्याच्यावर बेतलेलं असतं त्याला सरळ सांगता येत नाही. लेखकाला येतं, पण पात्राला येत नाही, आणि प्रामाणिक लेखक पात्राच्या पुढे जात नाही.

लॉरी हाल्स अँडरसन यांची 'स्पीक' ही १९९९ची कादंबरी घ्या. मेलिंडा हायस्कुलात नववीत जाते तीच सगळ्यांनी वाळीत टाकलेली. उन्हाळ्यातल्या एका पार्टीतून तिने पोलिसांना फोन केला, एवढंच मुलांना माहीत आहे. फोन का केला, म्हणजे तिच्यावर बलात्कार झाला होता, हे कुणालाच माहीत नाही आणि ती बोलत नाही. चित्रकलेच्या वर्गात शिक्षक सगळ्यांना चिठ्ठी उचलायला लावतात. चिठ्ठीत जो शब्द निघेल त्याच्यावर वर्षभर काम करायचं. हिला निघतं 'झाड'. सोपं आहे असं तिला वाटतं आणि वर्षभर ते जमत नाही. ती लिनोलियमवर कोरते, थँक्सगिव्हिंगच्या टर्कीच्या हाडांतून काहीतरी उभं करते, रेखाटते, फाडते.

आता गंमत बघा. ती झाडाबद्दल बोलते तेव्हा तिला वाटतं आपण चित्रकलेबद्दल बोलतोय. म्हणूनच ती इतकं बोलू शकते. 'तुझ्याबद्दल सांग' म्हटलं असतं तर तोंडातून शब्द फुटला नसता. प्रतीकाचा पहिला उपयोग हा, वाचकाच्या आधी पात्राला होणारा. आडोसा मिळतो.

आमच्या मुलांना त्या पुस्तकातली दुसरी गोष्ट जास्त भिडली. शाळेतल्या सफाई कामगाराची वापरात नसलेली एक खोली मेलिंडाला सापडते, आणि ती तिथे लपायला लागते. मी सहज विचारलं, तुमची अशी जागा कुठली? एकाने गच्ची म्हटलं. एकीने न्हाणीघर म्हटलं, कारण नळ सोडला की बाहेर ऐकू जात नाही. कुणी हसलं नाही. ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचं १९९२चं आघातावरचं पुस्तक सावरण्याचे तीन टप्पे सांगतं: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग माणसांत परत येणं. आधी खोली, मग झाड, मग बोलणं, हा कादंबरीतला क्रमही तसाच आहे. खोलीशिवाय झाड आलं असतं तर मला पटलं नसतं.

झाडच का? जिथे तिथे झाडच असतं.

खरं आहे, झाडांचा सुळसुळाट आहे. पण बहुतेक लेखक आणि त्याहून जास्त वाचक झाडाबद्दल एक चूक करतात. झाडाची जखम भरून येते असं त्यांना वाटतं.

ती भरून येत नाही. आपल्या कातडीचं असतं तसं झाडाचं नसतं. अमेरिकेतले वनवैज्ञानिक अलेक्स शायगो यांनी १९७०च्या दशकात हे नीट मांडलं. मेलेला भाग झाड दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती आतून भिंती घालतं, कूज पसरू देत नाही, आणि बाहेरून नवं लाकूड धरतं. आमच्या मागच्या भाटातल्या, म्हणजे बागायतीतल्या, मानकुराद आंब्याची एक फांदी पूर्वी छाटली होती. कापल्या जागेभोवती साल ओठासारखी जाड होऊन आत वळली आहे. आणखी काही वर्षांनी ते तोंड मिटेल. पण उद्या तो आंबा कापला तर आत जुना काळा डाग तसाच निघेल.

हे दाखवायला मी मुलांना भाटात नेलं होतं. आंब्याच्या शेजारी माड आहे. त्याच्या खोडावर पाडेल्याला, म्हणजे नारळ उतरवणाऱ्याला, चढायला पाडलेल्या खाचा आहेत, माझ्या सासऱ्यांच्या काळातल्या. माडाला आंब्यासारखं सालीखालचं वाढीचं कडं नसतं. खोडाला एकदा खाच पडली की ती कायमची. मिटणार नाही, आक्रसणार नाही. माड वरून वाढतो, शेंड्याला. खाच आहे तिथेच राहते आणि झाड तिच्या वर तीस-चाळीस फूट जाऊन नारळ धरतं.

मुलं त्या खाचांत बोटं घालून बघत होती. नववीतला एक जण म्हणाला, "टीचर, आमच्या माडाकय असोच बुराक आसा." बुराक म्हणजे भोक. मग एका मुलीने वर बघितलं आणि म्हणाली, "पण पाडेली त्यातच पाय ठेवून वर जातो ना?"

केवढं सुंदर वाक्य! मी घरी येऊन वहीत लिहून घेतलं. रात्री परत वाचलं आणि खोडलं. जखमेची पायरी होते, हे ऐकायला छान आहे, पण त्याच्या पोटात दुसरं वाक्य लपलेलं असतं: म्हणजे जखम झाली ते बरंच झालं. खाचेत पाय ठेवता येतो म्हणून खाच पाडायलाच हवी होती असं नाही. आणि माडाला विचाराल, तर त्यावर चढणारा माड नसतो, पाडेली असतो. पुढच्या शनिवारी मी हे त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मला तेवढं म्हणायचं नव्हतं." तिचंही बरोबर होतं. वही उघडून खोडलेलं वाक्य मी परत लिहिलं, आणि खाली तिचं हे दुसरं वाक्य.

'स्पीक'च्या शेवटी मेलिंडा जे झाड काढते त्याची खालची एक फांदी रोगट आहे. ती मुद्दाम तशी काढते. मला ते पुस्तक आवडतं त्याचं निम्मं कारण ती फांदी.

फुलपाखरू, फिनिक्स, कमळ, सोन्याने जोडलेली वाटी. यांच्यावर टीचरांचा राग का?

राग नाही, कंटाळा. चिखलातलं कमळ तर आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. आषाढात माशेलला चिखलकाल्याच्या उत्सवात चिखलात लोळणाऱ्या मुलांना विचारा, चिखल ही काय वर यायचीच जागा असते का. पण त्यातल्या दोन प्रतीकांकडे नीट बघितलं तर ती दिसतात त्यापेक्षा चांगली आहेत.

फुलपाखरू म्हणजे जुनं सगळं पुसून नवा जन्म, असं धरून चालतात. २००८ साली अमेरिकेत जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी तंबाखूवरच्या पतंगाच्या सुरवंटांना एक वास दिला, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा, आणि त्याबरोबर विजेचा हलका झटका. ते वास टाळायला शिकले. मग कोशात गेले, पतंग होऊन बाहेर आले. आणि शेवटच्या टप्प्यात हे शिकलेल्या सुरवंटांचे पतंगही तो वास टाळत होते. कोशात शरीराची इतकी उलथापालथ होते, तरी ती आठवण टिकली. हे फुलपाखरू मला चालेल. पंख आहेत आणि अमुक एका वासाने अजून दचकतं.

सोन्याने जोडलेली वाटी म्हणजे जपानी किंत्सुगी. इंग्रजी पुस्तकांत हल्ली फुटलेला कप दिसला की पुढच्या शंभर पानांत सोनं येणार हे मुलं आधीच ओळखतात. पण वाटी सोन्याने जुळत नाही. ती जुळते उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने, सोनं फक्त वरून भुरभुरतात. आणि हे झाड कुठल्या कुळातलं? आपल्या काजूच्या, आंब्याच्या, बिब्ब्याच्या. काजूच्या हंगामात बिया सोलताना हात भाजलेली बाई गोव्यात कुणी पाहिली नाही असं होणार नाही. बिब्बा उतला की काय होतं तेही घरोघरी माहीत. उरुशीचा चीक अंगाला लागला तर तसाच उठतो. तो वाळायला दिवसच्या दिवस, कधी आठवडे जातात आणि त्याला दमट हवा लागते, कोरड्या हवेत तो धरत नाही. म्हणजे आमच्या जुलैत छान काम होईल.

ज्या कादंबरीत फक्त सोनं आहे आणि चीक नाही, हात उतणं नाही, दमट खोलीत नुसतं थांबणं नाही, तिने जोडकामात बिब्बाच घातला म्हणायचा.

पाणी म्हणजे नेहमी आठवण असते का? आपल्याकडचं एखादं उदाहरण द्या.

नेहमी नसते. कधी पाणी नुसतं पाणी असतं, मुलांना हे सांगावं लागतं. पण गोव्यात राहून पाण्याकडे आठवण म्हणून बघायचं नाही हे अवघड आहे.

सांगे तालुक्यातलं कुर्डी, गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचं गाव, १९८०च्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. पण पुरतं गेलं नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की ते वर येतं. घरांचे चौथरे, वाटा, झाडांची खुंटं, सोमेश्वराचं देऊळ. वाडे आणि वालकिणीला वसवलेली माणसं तिथे जातात. हिंदू देवळात जमतात, ख्रिस्ती कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, जागी. मग पाऊस येतो आणि गाव पुन्हा बुडतं. आघाताच्या गोष्टींत 'तो दिवस' दरवर्षी परत येतो हे किती पुस्तकांत वाचलंय. इथे अख्खं गाव तसं परत येतं, तारीख साधारण ठरलेली.

आमच्यातल्या एका मुलाने यावर गोष्ट लिहिली. आजी दर मे महिन्यात कुर्डीला जाताना घराच्या किल्ल्यांचा जुडगा नेते. तिथे दार नाही, चौकट नाही. चौथऱ्यावर बसून ती जुडगा मांडीवर ठेवते, डबा खाते आणि परत येते. एवढीच गोष्ट. मी त्याला विचारलं, शेवटी ती किल्ल्या पाण्यात टाकते असं का नाही लिहिलंस? तो म्हणाला, "कशाला टाकेल? तिच्या आहेत." मी गप्प बसले. चाळीस वर्षं शिकवून मी त्याला सिनेमाचा शेवट सुचवत होते.

दुसरं उदाहरण खाजनाचं, ते मला जास्त उपयोगी वाटतं. खाजनं म्हणजे खाडीकाठची सखल शेतं, ती समुद्रसपाटीच्या जेमतेम आसपास असतात. मातीचा बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवलेलं असतं. बांध फुटला आणि खारं पाणी शेतात बसलं की ते धुऊन निघायला पावसाळे लागतात. एका पावसात काम होत नाही. तोवर तिथे भात धड येत नाही, आलंच तर कोरगुटासारखं मीठ सोसणारं. आघातानंतरच्या एकदोन वर्षांचं याहून नेमकं चित्र मला दुसरं सुचत नाही. शेत मेलेलं नसतं, त्यात मीठ बसलेलं असतं.

आणि बांधात एक लाकडी दार असतं, त्याला आपण म्हणतो मानस. मराठीत मानस म्हणजे मन, हा निव्वळ योगायोग असेल, पण मी तो सोडणार नाही. भरतीला बाहेरचं पाणी चढलं की त्या दाबाने दार आपोआप मिटतं. ओहोटीला बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. म्हणजे आत कितीही साचलेलं असो, बाहेरची पातळी उतरल्याशिवाय दार उघडत नाही. कुणी बाहेरून 'बोल, बोल, मन मोकळं कर' म्हणून जितकं पाणी चढवेल तितकं ते घट्ट मिटेल.

चांगल्या कादंबरीत मूल नेमकं कुठल्या पानावर बोलतं ते बघा. बहुतेक वेळा त्याच्या आधी बाहेर काहीतरी उतरलेलं असतं. कुणीतरी प्रश्न विचारायचं थांबवलेलं असतं, कुणी नुसतं शेजारी बसलेलं असतं. ज्या कादंबरीत असं काही न होता मुलगी दोनशेव्या पानावर एकदम घडाघडा सांगते, तिथे लेखकाची पानं संपत आली होती एवढंच खरं.

शेवटी सगळं बरं होतं का? मुलीला परीक्षेआधी वाचायला द्यायचं आहे.

परीक्षेआधी नका देऊ.

बरं होण्याचा अर्थ काय धरायचा त्यावर उत्तर आहे. पॅट्रिक नेस यांची 'अ मॉन्स्टर कॉल्स' ही २०११ची कादंबरी, मूळ कल्पना शिवॉन डाउड यांची. २००७ साली कर्करोगाने त्या गेल्या आणि पुस्तक नेस यांनी लिहिलं. तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने आजारी आहे. घरामागच्या टेकडीवरचं यू नावाचं झाड रात्री राक्षस होऊन येतं. ते तीन गोष्टी सांगणार, चौथी कॉनरने सांगायची. आईला शेवटी जे औषध देतात ते यूपासूनच केलेलं आहे. हे खोटं नाही, कर्करोगावरची काही औषधं खरोखरच यूच्या जातीच्या झाडांपासून निघाली. वाचकाला वाटतं, झालं, प्रतीकच औषध निघालं.

औषध लागू पडत नाही. आई जाते. मग झाड आलं कशाला? मुलाला बरं करायला. कॉनरच्या मनातलं खरं हे होतं की हे सगळं एकदाचं संपावं असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटल्याची शिक्षा तो स्वतःला देत होता. राक्षसाने त्याच्याकडून तेवढं वदवून घेतलं. आमच्याकडे हे पुस्तक संपलं त्या दिवशी चहा गार झाला. घरात आजारी माणूस असलेली दोन मुलं त्यात होती, हे मला नंतर कळलं. आधी कळायला हवं होतं. आता मी पुस्तक ठरवण्याआधी घरी फोन करते.

'पोस्ट ट्रॉमॅटिक ग्रोथ' म्हणजे जखमेमुळे माणूस मोठा होतो असंच ना?

'मुळे' नव्हे. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात हा शब्द रुळवला. १९९६ साली त्यांनी २१ विधानांची एक मोजपट्टीही केली. नात्यांत जवळीक, नव्या वाटा, स्वतःच्या बळाची जाणीव, जगण्याची किंमत, श्रद्धेतला बदल, अशा पाच अंगांनी ती बघते. त्यांचं म्हणणं असं की वाढ आघातातून होत नाही, आघातानंतर माणूस जी झुंज देतो तिच्यातून होते, आणि ती झाली तरी दुखणं शेजारीच असू शकतं. आणि ज्याची वाढ झाली नाही तो नापास झाला असं नाही. हे वाक्य मी मुलांना दोनदा सांगते, कारण आमच्या मुलांना प्रत्येक गोष्टीत टक्के मिळवायची सवय आहे.

ट्रॉमा, हीलिंग यांना मराठीत काय म्हणायचं?

आघात चालेल, पण तो पुस्तकी आहे. आणि 'बरं होणं' फारच ढोबळ. त्यापेक्षा आपली रोजची भाषा बघा. जखम भळभळते, चिघळते, खपली धरते, भरून येते, व्रण राहतो. कुणी खपली काढतं, कुणी मीठ चोळतं. काही गोष्ट जिव्हारी लागते. आणि 'सल' आहेच, मूळचा काटा, वरून कातडी मिटली तरी आत टोचत राहणारा. इंग्रजीत दोन शब्दांत मावलेलं मराठीत आठ-दहा टप्प्यांत सांगता येतं. आमच्या मुलांना मी सांगते, पात्र कुठल्या टप्प्यावर आहे ते यातला शब्द लावून सांगा. खपलीवर आहे की सलावर? भांडणं होतात, दुपार छान जाते. वाचतात इंग्रजीत, भांडतात कोकणीत, लिहितात मराठीत.

हे सगळं विलायती झालं. आपल्याकडे काय आहे?

भरपूर आहे, फक्त पाठीमागे ही लेबलं नाहीत. प्रकाश नारायण संतांचा लंपन आई-वडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहतो. त्या संग्रहाचं नावच 'वनवास', १९९४चं. त्यात आघात हा शब्द नसावा, पण घरची आठवण आली की पोरगं जे करतं ते वाचा.

त्याच्या कितीतरी आधी अश्वत्थामा आहे. कपाळावरची न मिटणारी जखम घेऊन तेल मागत फिरणारा. आमच्या आजी सांजवेळी कुणी तेल मागायला आलं की हे सांगायच्या. मी वर्गात त्याला न भरणाऱ्या जखमेचं आपलं प्रतीक म्हणून मांडलं, तर दहावीतली एक मुलगी म्हणाली, "पण त्याने झोपलेली पाच मुलं मारली होती ना? मग आपण तेल कुणासाठी द्यायचं?" ज्याने जखम केली त्याचीही जखम, हा प्रश्न यंग अडल्ट कादंबऱ्या बहुधा टाळतात. महाभारताने टाळलेला नाही.

आणि गोव्यातच म्हणाल तर, फोंडा महालातली अर्धी देवळं म्हणजे सोळाव्या शतकात पलीकडच्या पोर्तुगीज मुलखातून आणलेले देव. मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळोशीची, म्हाळसा वेर्ण्याची. मूळ गावाचं नाव आपण अजून देवाच्या गोष्टीबरोबर सांगतो. कुणी त्याला आघात म्हणत नाही. पण एखाद्या मुलाने आजीला विचारून लिहावं, असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

कादंबरीतलं प्रतीक ओळखायचं कसं? शाळेत प्रकल्प आहे.

जी वस्तू तीनदा येते तिच्यावर पेन्सिलीने खूण करा. मग फक्त एक बघा: पहिल्या वेळेला आणि शेवटच्या वेळेला ती तशीच आहे का? बदलली असेल तर लिहायला मजकूर आहे. 'निळा रंग म्हणजे दुःख' असल्या तक्त्यांतून उतरवू नका, शिक्षकांना ते तक्ते माहीत असतात.

माझी मुलगी गोष्टी लिहिते. प्रतीक कसं आणावं?

आणू नये. तिच्या परसातली एक वस्तू घ्यावी आणि ती आधी वस्तू म्हणून पक्की करावी. काजू घेतला तर बोंडूचा वास, हाताला लागलेला चीक, बी फळाच्या बाहेर लोंबते ते. त्या बीचं तेल भाजतं आणि भट्टीत नीट भाजल्याशिवाय गर खाता येत नाही, हे खरं खरं लिहिलं की बाकीचं वाचक करतो. 'हा काजू म्हणजे माझं मनच होतं' असं वाक्य आलं तर ते पहिलं कापावं. ते वाक्य आलंय म्हणजे वरचं काही नीट लिहिलेलं नाही.

वाचताना एखाद्या मुलाने स्वतःवर बेतलेलं सांगितलं तर?

हे गमतीत घेऊ नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. ते पाळता येणार नाही. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि ही जबाबदारी शेजारणीवरही आहे, शिक्षकावरही. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मन फार जड झालं असेल तर १४४१६ हा टेलिमानस क्रमांक, तो फुकट आहे. या सेवेचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खाजनातलं दार आठवलं होतं. प्रत्यक्ष डॉक्टरांकडे जायचं तर बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. पुस्तक हे यातल्या कशाचीच जागा घेत नाही. आमच्या बाल्कांवाचीही तेवढी ऐपत नाही.

तो माड बघायला आम्ही येऊ शकतो का?

या. शनिवारी चारनंतर, फाटकाची कडी वरून सोडायची असते, ढकलू नका. पावसात येत असाल तर खाचांत पाय ठेवून बघायचा मोह नको, शेवाळ धरलेलं असतं. आणि उभं राहायचं ते आंब्याखाली. माडावर सध्या दोन पेंडी तयार आहेत आणि पाडेली अजून आलेला नाही.